गिअर बदलायला सांगणारा बाण: कोकणातल्या रस्त्यांवर त्याचं किती ऐकावं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी रत्नागिरी जिल्ह्यात गाडी शिकवतो. नवी गाडी घरी आली की आठवड्याभरात फोन येतो, "मीटरमध्ये मध्येच एक बाण दिसतो, तो कसला हो?" मग पुढचे प्रश्न सुरू होतात: त्याचं ऐकलं तर अ‍ॅव्हरेज वाढतं का, इंजिन खराब होतं का, घाटात काय करायचं. फोनवर तुकड्या-तुकड्याने दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आपले रस्ते मुंबई-पुण्यासारखे नाहीत, म्हणून उत्तरंही इथल्या रस्त्यांना धरूनच आहेत.

हा बाण नेमका काय सांगतो?

सध्या चालू असलेल्या वेगाला आणि तुम्ही देत असलेल्या अ‍ॅक्सिलरेटरला कोणता गिअर इंधनाच्या दृष्टीने योग्य ठरेल, ते तो सांगतो. बाण वर असेल तर वरचा गिअर टाका, खाली असेल तर खालचा. काही गाड्यांत नुसता बाण दिसतो, काहींत गिअरचा आकडा आणि शेजारी बाण. मारुती, ह्युंदाई यांच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत ही सोय आहे. हा सल्ला आहे, इशारा नाही. तो पाळला नाही म्हणून गाडीत काही बिघडत नाही आणि लाल दिवाही लागत नाही.

माझ्या बाइकवर गिअरचा आकडा दिसतो. तेच ना हे?

नाही. तो आकडा तुम्ही कोणत्या गिअरमध्ये आहात एवढंच दाखवतो. कोणत्या गिअरमध्ये असायला हवं ते तो सांगत नाही. दोन्ही सोयी एकाच मीटरमध्ये असू शकतात, त्यामुळे गोंधळ होतो.

गाडीला हे कळतं कसं?

इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, सतत काही गोष्टी मोजत असतो. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय (आरपीएम), चाकं किती वेगाने फिरतायत, तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर किती दाबलेला आहे, इंजिनात किती हवा जातेय, कूलंट किती तापलंय. फेरे आणि वेग यांच्या गुणोत्तरावरून गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हेही तो ओळखतो. म्हणूनच क्लच दाबलेला असेल तर बऱ्याच गाड्यांत बाण गायब होतो, कारण तेव्हा ते गुणोत्तर जुळत नाही.

यातली एक गोष्ट मी प्रत्येक शिकणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगतो. बाण तुमच्या पायाच्या मागे चालतो. पाय हलका ठेवलात तर वरचा बाण लवकर येतो. पाय दाबून धरलात तर गाडी समजते की तुम्हाला ओढ हवी आहे, आणि ती बाण उशिरा दाखवते. "मी बाण तंतोतंत पाळतो तरी अ‍ॅव्हरेज मिळत नाही" असं सांगणाऱ्यांच्या शेजारी बसलो की बहुतेक वेळा दोष पायात सापडतो, गिअरमध्ये नाही.

आणि गाडीला काय दिसत नाही, तेही ध्यानात ठेवा. पुढचं वळण तिला दिसत नाही. वळणापलीकडची म्हैस, समोरून येणारी एसटी, उताराच्या तळाशी असलेला अरुंद पूल, यातलं काहीच तिला ठाऊक नसतं. तिचा सगळा हिशोब या क्षणाचा आहे.

वरच्या गिअरमध्ये इंधन कमी का लागतं? इंजिनला तर जास्त जोर लावावा लागतो ना?

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर समजलं की बाणावर विश्वास कधी ठेवायचा तेही समजतं.

सपाट रस्त्यावर ताशी ५० ने जायला गाडीला जेवढी शक्ती लागते, तेवढी ती तिसऱ्यातही लागते आणि चौथ्यातही. फरक ती शक्ती कशी काढायची यात आहे. छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये ताशी ५० ला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन साधारण अडीच हजार फेरे घेतं, चौथ्यात दोन हजारांच्या खाली येतं. प्रत्येक फेऱ्याला पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांचं घर्षण आहेच, त्यामुळे फेरे कमी झाले की ते नुकसान कमी होतं.

पेट्रोल इंजिनात आणखी एक नुकसान आहे. हवा आत येण्याच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. फेरे जास्त आणि काम थोडं असेल तर ही झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि इंजिनला त्या फटीतून हवा ओढून घ्यावी लागते. शहाळ्यातली स्ट्रॉ चिमटीत दाबून पाणी प्यायचा प्रयत्न करून बघा. पाणी येतं, पण गाल दुखतात. वरच्या गिअरमध्ये तेच काम कमी फेऱ्यांत करायचं असल्यामुळे झडप जास्त उघडते, स्ट्रॉ मोकळी होते आणि ओढण्यात जाणारी ताकद वाचते. डिझेल इंजिनात अशा झडपेने हवा रोखून शक्ती कमी-जास्त करत नाहीत, त्यामुळे हे नुकसान तिथे फारसं नाही. घर्षणाचा फायदा मात्र डिझेललाही मिळतो.

याला तळाशी एक मर्यादा आहे. फेरे फारच खाली गेले की इंजिन गुदमरतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मग फायदा खरंच होतो का?

होतो, पण सगळ्यांना सारखा नाही. सर्वांत जास्त फायदा होतो तो नवशिक्यांना, आणि ज्यांना तिसऱ्यातच गाडी दामटायची सवय लागली आहे अशांना. आपल्याकडे ही सवय फार. वळणं इतकी येतात की माणूस तिसरा गिअर सोडायलाच तयार नसतो. हातखंब्यापासून पुढे हायवे सरळ आणि मोकळा मिळाला तरी गाडी साठच्या वेगाने थर्डलाच बोंबलत असते. अशा माणसाला आठ दिवस बाण पाळायला लावला की त्याच्या हाताला वळण लागतं.

जो आधीपासून आवाज ऐकून योग्य वेळी गिअर बदलतो, त्याला बाणाकडून फारसं नवीन काही मिळणार नाही. त्याचा आणि बाणाचा अंदाज बहुतेक वेळा जुळलेला असतो.

पैशांत किती, हाही प्रश्न येतो. हिशोब समजावा म्हणून एक उदाहरण धरू. समजा तुम्ही वर्षाला १०,००० किलोमीटर चालवता आणि अ‍ॅव्हरेज १८ चं आहे. म्हणजे साधारण ५५५ लिटर पेट्रोल. यात शंभर लिटरमागे तीन लिटर वाचले असं धरलं, तर वर्षाला सोळा-सतरा लिटर वाचतील. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशोबाने अडतीस किलो तोही कमी. एका घरासाठी ही बचत मोठी नाही. दिवसाला दोनशे किलोमीटर फिरणाऱ्या टूरिस्ट गाडीवाल्यासाठी मात्र हाच आकडा सात पटींवर जातो, आणि मला त्यांची जास्त काळजी वाटते, कारण त्यांची रोजची मिळकतच त्या टाकीतून निघते.

ही कल्पना आली कुठून? आपल्याकडे कशी पोहोचली?

कल्पना जुनी आहे. १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर कंपन्यांना इंधन वाचवण्याच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. फोक्सवॅगनने १९८०च्या सुमारास 'फॉर्मेल ई' नावाच्या गाड्यांत गिअर बदलण्याचा दिवा दिला होता. अमेरिकेतही त्याच दशकात अनेक मॅन्युअल गाड्यांत वरचा गिअर टाकायला सांगणारा दिवा आला. शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये तर १९८९ पासून एक पाऊल पुढे टाकलं गेलं. हलक्या पायाने चालवताना गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाऊच देत नसे, लिव्हर थेट चौथ्याकडे ढकलत असे. चालकांना ते अजिबात आवडलं नाही, आणि ती यंत्रणा बंद करणारे सुटे भाग बाजारात आले.

युरोपीय संघाने २००९ च्या नियमावलीत हा दर्शक मॅन्युअल प्रवासी गाड्यांना सक्तीचा केला. नव्या मॉडेलांना नोव्हेंबर २०१२ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना नोव्हेंबर २०१४ पासून. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या त्याच कंपन्यांच्या किंवा त्याच धर्तीच्या असल्यामुळे बाण इथेही पोहोचला.

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाताना बाण सतत वर-खाली करतो. तो बिघडलाय का?

बिघडलेला नाही, रस्ताच तसा आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या रस्त्यांची एक घडण आहे. खाडीवरचा पूल ओलांडला की चढ, चढून गेलं की कातळाचा सडा, सड्यावर दोन-चार किलोमीटर सपाट, मग परत उतार, खाली नारळी-पोफळी, वाडी, पुन्हा खाडी. जयगडकडे जा, पावसहून पूर्णगडकडे जा, क्रम हाच. बाण चढावर खालचा गिअर मागतो, सड्यावर वरचा मागतो, उतारावर पाय काढला की पुन्हा वरचाच मागतो.

माझी पद्धत सोपी आहे. सड्यावर बाण पाळा. तिथे रस्ता लांबपर्यंत दिसतो, चढ-उतार नसतो, बाणाचा हिशोब तिथे बरोबर ठरतो. सडा संपून रस्ता खाली वळायला लागला की बाणाकडे बघणं सोडा आणि रस्त्यावरून गिअर ठरवा.

चढ किती खातो, याचा अंदाज असावा. माणसांसकट १,२०० किलोची गाडी १०० मीटर उंच चढवायला, इंजिनची कार्यक्षमता सुमारे २८ टक्के धरली, तर साधारण सव्वाशे मिली पेट्रोल जादा लागतं. हे कोणत्याही गिअरमध्ये चढलात तरी चुकत नाही, गिअरने त्यात थोडाफार फरक पडतो इतकंच. म्हणून चढावर अ‍ॅव्हरेजचा आकडा कोसळला की घाबरू नये. सव्वाशे मिली तुम्ही सड्यावर साठवून ठेवलेत असं समजा. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढलात तर त्यातलं काही परत मिळतं.

घाट चढताना बाण वर दाखवत असेल तर?

चढ सुरू असताना मध्येच थोडा सपाट तुकडा येतो, वेग वाढतो आणि बाण चौथा मागतो. कुंभार्ली चढताना किंवा आंबा घाटात हे वारंवार होतं. टाकायचा की नाही, हे पुढचा रस्ता बघून ठरवायचं. शंभर मीटरवर वळण आणि पुन्हा चढ असेल तर टाकू नका. टाकलात तर वळणात परत तिसरा, कधी दुसरा टाकावा लागेल, मध्ये वेग पडेल, आणि गेलेला वेग परत मिळवायला वाचलं त्यापेक्षा जास्त पेट्रोल जाईल. शिवाय वळणाच्या मध्यावर क्लच दाबून गिअर शोधत बसणं धोक्याचं आहे. गिअर वळणाच्या आधी ठरलेला असावा.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे वाहतुकीच्या नियमांतच आहे. तुम्ही उतरत असाल तर थांबा. चढणाऱ्याला एकदा थांबावं लागलं की हाफ क्लचवर गाडी उठवताना त्याच्या क्लचप्लेटची आणि पेट्रोलची दोन्हीची वाट लागते.

फेरीबोटीवरून उतरतानाही हेच. जयगड–तवसाळ किंवा दाभोळ–धोपावेच्या धक्क्यावर ओला, शेवाळलेला चढ असतो. तिथे फर्स्ट, शांत पाय, आणि मीटरकडे अजिबात बघू नका.

घाट उतरताना काय करायचं? बाण सारखा वरचाच गिअर मागतो.

इथे माझं उत्तर स्पष्ट आहे. घाट उतरताना वरच्या बाणाचं ऐकायचं नाही.

बाण वरचा का मागतो, ते बघा. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आहे, म्हणजे शक्ती नको आहे. गाडी उताराने पळतेय, म्हणून फेरे चढलेत. इंधनाचा हिशोब करणाऱ्या यंत्राला यातून एकच अर्थ लागतो: फेरे विनाकारण जास्त आहेत, गिअर वाढवा. पण ते फेरे विनाकारण नसतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं आणि ब्रेकचं काम हलकं करतं. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. काही गाड्या उतार ओळखून बाण लपवतात, पण तुमची गाडी तशी आहे असं गृहीत धरू नका.

एका पावसाळ्यात माझ्याकडे शिकून गेलेला एक मुलगा कुटुंबाला घेऊन कऱ्हाडहून चिपळूणला कुंभार्लीने उतरत होता. त्याला मी सपाट रस्त्यावर बाण पाळायला शिकवलं होतं, आणि तो ते मनापासून पाळत होता. बाण म्हणेल तसा तो चौथ्यात गेला. गाडी पळायला लागली, मग ब्रेक, परत ब्रेक. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला आणि पेडल मऊ लागायला लागलं. त्याचं डोकं शाबूत होतं म्हणून त्याने दुसरा टाकला, रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली आणि पाऊण तास थांबला. रात्री त्याने फोन करून सगळं सांगितलं. घाट उतरण्याचं मी त्याला नीट शिकवलं नव्हतं. तेव्हापासून सपाटीवरचा बाण आणि उतारावरचा गिअर हे दोन धडे मी एकाच दिवशी देतो, वेगळे देत नाही.

जुने ड्रायव्हर सांगतात, "ज्या गिअरला चढलास, त्याच गिअरला उतर." साध्या गाडीला हा नियम आजही लागू पडतो. आधुनिक गाड्यांचं इंजिन लहान असतं आणि बॉडी वाऱ्याला सहज कापणारी असते, म्हणून कधीकधी चढताना लागला त्याहून एक गिअर खालीच बरा. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. वेग आधी ब्रेकने उतरवा, मगच खालचा गिअर. ताशी साठला फर्स्ट टाकायला जाऊ नका, फेरे मर्यादेबाहेर जाऊन इंजिनचं नुकसान होईल. ब्रेक थोडा दाबा, सोडा, परत दाबा. सतत हलका पाय ठेवून उतरलात की पॅड आणि डिस्क तापत राहतात, ब्रेक फ्लुइड जुनं असेल तर ते उकळतं आणि पेडल खाली जातं.

पण खालच्या गिअरमध्ये उतरलं तर पेट्रोल जास्त जाणार नाही का?

जाणार नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढलात आणि फेरे आयडलपेक्षा (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना असतात त्यापेक्षा) बरेच वर असले की ईसीयू इंजेक्टर बंद करतो. इंजिन तेव्हा चाकांच्या जोरावर फिरत असतं, इंधनावर नाही. मीटरवर त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दिसत असेल तर आकडा टोकाला जाऊन बसतो, तो याचमुळे. फेरे बाराशे-पंधराशेच्या खाली आले की इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन परत सुरू होतं. म्हणजे उतारावर तिसऱ्यात चार हजार फेरे घेत घोंगावणारं इंजिन त्या वेळी पेट्रोलचा थेंबही पीत नसतं. आवाज ऐकून लोक घाबरतात आणि वरचा गिअर टाकतात. घाबरू नका.

आणि न्यूट्रलमध्ये उतरलं तर?

कधीही नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर चालू राहतं आणि छोट्या पेट्रोल गाडीतही तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पीत राहतं. गिअरमध्ये हाच खर्च शून्य असतो. वर इंजिन ब्रेकिंग पूर्ण जातं. चावी फिरवून इंजिन बंद करून उतरणं तर जिवाशी खेळ आहे. ब्रेक बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच दम शिल्लक राहतो, स्टिअरिंग जड होतं आणि चावी पूर्ण मागे गेली तर लॉकही होऊ शकतं.

बाण पाळला की गाडी कधीकधी घरघरते. इंजिन खराब होईल का?

गिअर लिव्हर थरथरतोय, पाय दाबला तरी गाडी ओढत नाही, खालून जड घरघर येतेय, तर इंजिन गुदमरतंय. लगेच खालचा गिअर टाका, बाण काहीही सांगू दे. बाण सहसा अशा अवस्थेपर्यंत नेत नाही. पण बाण पाळून वरचा गिअर टाकल्यावर लगेच चढ आला, किंवा तुम्ही ओव्हरटेकसाठी जोरात पाय दाबला, तर हे होतं. एखाद्या वेळेने काही बिघडत नाही. रोजची सवय झाली तर बेअरिंग, क्लच आणि इंजिनच्या माउंटिंगवर ताण येतो. टर्बो पेट्रोल गाडी असेल तर जास्त जपा, कारण कमी फेऱ्यांवर भरपूर पाय दाबल्यास सिलिंडरमध्ये मिश्रण वेळेआधीच पेटण्याचा धोका असतो, आणि त्याने पिस्टनला इजा होऊ शकते.

माझी डिझेल गाडी आहे. वेगळं काही?

थोडं आहे. टर्बो डिझेल साधारण पंधराशे फेऱ्यांच्या खाली सुस्त असतं, म्हणून बाण तेराशे-चौदाशेला वरचा मागत असेल आणि पुढे चढ दिसत असेल तर थांबा.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. आपल्याकडे बरीच माणसं डिझेल गाडी घरापासून बाजारापर्यंत तीन-चार किलोमीटर चालवतात, तीही वरच्या गिअरमध्ये रांगत. फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तसं मोकळ्या रस्त्यावर थोडे फेरे चढवून सलग काही वेळ चालवा. त्या फेरीत बाण विसरा.

सीएनजीवर बाण बरोबर सांगतो का?

कंपनीने बसवलेली सीएनजी असेल तर बऱ्यापैकी. बाहेरून किट बसवलं असेल तर बाणाचा हिशोब पेट्रोलचाच राहण्याची शक्यता जास्त. सीएनजीवर इंजिनची ओढ थोडी कमी असते, म्हणून चढावर एक गिअर खाली ठेवा.

गणपतीला पाच माणसं, डिकीत सामान, वर कॅरिअर. किंवा मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. तेव्हा?

गाडीला वजन थेट मोजता येत नाही. तुमचा पाय किती दाबला आणि वेग किती वाढला यावरून तिला अंदाज येतो. त्यामुळे भरलेल्या गाडीत बाण सपाटीला थोडा घाईचा वाटेल. दोनशे-तीनशे फेरे जास्त होऊ द्या, मग गिअर टाका. टायरची हवा भरलेल्या गाडीसाठी दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर वेगळी लिहिलेली असते, ती भरून घ्या. मुंबईहून येणारी निम्मी कुटुंबं हे करत नाहीत, आणि मऊ टायरने जेवढं इंधन जातं तेवढं कोणताही बाण वाचवून देणार नाही.

बाणाकडे बघता बघता रस्त्यावरचं लक्ष जात नाही का?

सुरुवातीला जातं, आणि ही काळजी खरी आहे. म्हणून मी सांगतो: बाण शोधायचा नाही. नजर रस्त्यावर, कान इंजिनवर. गिअर बदलावासा वाटला की बदला, मग एक नजर टाकून बाणाचं मत आपल्याशी जुळलं का ते पाहा. आठ-दहा दिवसांत जुळायला लागतं. त्यानंतर बाण बघण्याची गरजच उरत नाही, आवाजावरून हात आपोआप जातो. पावसाळ्यात, धुक्यात, संध्याकाळी गुरं परतायच्या वेळी आणि बाजारपेठेतून जाताना बाणाकडे बघू नका.

माझ्या गाडीत बाणच नाही.

काही अडत नाही. आरपीएमचा काटा असेल तर हलक्या पायाने पेट्रोलला साधारण दोन हजार ते अडीच हजारांच्या दरम्यान, डिझेलला पंधराशे ते दोन हजारांच्या दरम्यान वरचा गिअर टाका. काटाही नसेल तर कान आहेत.

एएमटी गाडीत हा प्रश्न उरतो का?

सपाटीला उरत नाही. २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर एएमटी आपल्याकडे स्वस्त गाड्यांत आली, तिच्यात बाण जे सांगतो ते गाडी स्वतःच करते. म्हणूनच घाट उतरताना तीही वरच्या गिअरकडे धावू शकते. तेव्हा लिव्हर मॅन्युअलवर घ्या आणि दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा. चढावर थांबलात तर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. क्लच तिच्यातही आहे, आणि तो जळतो.

माझ्या रोजच्या रस्त्यावर फायदा होतो की नाही, मी स्वतः कसं तपासू?

मीटरवरच्या अ‍ॅव्हरेजवर फार विसंबू नका. टाकी फुल ते टाकी फुल मोजा. एकाच पंपावर, पहिल्या कटऑफला थांबून टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. किमान ४०० किलोमीटर नेहमीसारखी चालवा, परत भरा, किलोमीटरला लिटरने भागा. मग पुढची टाकी सपाटीला बाण पाळून, तोच रस्ता, तेवढीच माणसं, टायरची हवा तीच. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, दोन्ही पद्धतींच्या निदान तीन-तीन टाक्या मोजा. मध्ये पाऊस सुरू झाला किंवा एसी वाढला तर आकडे जुळणार नाहीत, तेवढं लिहून ठेवा.

जाहिरातीतल्या आकड्याशी मात्र तुलना करू नका. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर, ठरावीक क्रमाने, कमाल ताशी ९० च्या वेगापर्यंत चालवून काढलेला असतो. त्या रोलरवर परशुराम घाट नाही.

माझे वडील चाळीस वर्षं गाडी चालवतायत. ते बाणाकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना सांगू का?

आधी एक दिवस त्यांच्या शेजारी बसा आणि बाण तुम्ही बघा. ते गिअर बदलतात तेव्हा बाण नुकताच आलेला असतो का, ते पाहा. बहुतेक वेळा असतो. सड्यावर ते थर्डलाच राहत असतील तर "बाबा, आता चौथा घेतला तरी चालेल" एवढं म्हणा. आणि उतार आला की काही बोलू नका, त्यांचा हात कुठे जातो ते बघा.